प्रझेवाल्स्कीविषयीच्या आक्षेपांना उत्तर

एकोणिसाव्या शतकात मध्य आशिया धुंडाळणारा रशियन प्रवासी निकोलाय प्रझेवाल्स्की याच्यावरील माझ्या लेखाविषयी आपण सविस्तर आणि बऱ्याच कडक शब्दांत लिहिले आहे, तेव्हा दोन ओळींचे उत्तर देऊन मोकळे होणे मला बरे वाटले नाही. आपले म्हणणे असे की ‘लष्कर सोडून निसर्गाकडे वळलेला अधिकारी’ हे माझे वर्णन खोटे आहे, ज्या रानघोड्याला त्याचे नाव मिळाले तो त्याने शोधलाच नव्हता, आणि हजारो प्राण्यांवर बंदूक चालवणाऱ्याला निसर्गअभ्यासक म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे. यांपैकी पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, दुसरा बराचसा मान्य आहे. तिसऱ्याशी मात्र मी सहमत नाही.

‘वळला’ हे क्रियापद मी चरित्राला गोष्टीचा घाट यावा म्हणून वापरले, हे कबूल करतो. तो १८५५ मध्ये सैन्यात दाखल झाला, सेंट पीटर्सबर्गच्या जनरल स्टाफ अकादमीत शिकला, वॉर्साच्या लष्करी शाळेत त्याने इतिहास-भूगोल शिकवला आणि १८६७ मध्ये रशियाच्या अतिपूर्वेकडील उसुरी नदीच्या खोऱ्यात गेला तोही सरकारी कामगिरीवरच. पुढच्या चारही मध्य आशियाई मोहिमांना रशियन भौगोलिक संस्थेबरोबर युद्धखात्याचा आधार होता, आणि १८८८ मध्ये काराकोल (आजच्या किर्गिझस्तानात) येथे आजारपणात मृत्यू आला तेव्हा तो मेजर जनरल होता. आपल्या आरोपात मीच थोडी भर घालतो: चीनशी युद्ध झाले तर ते कसे लढावे याविषयीही त्याने लिहून ठेवले होते, आणि चिनी, मंगोल व तंगुत (तिबेटच्या ईशान्य भागातील) लोकांविषयीची त्याची भाषा आज वाचवत नाही. १८८४ मध्ये पीत नदीच्या उगमाजवळ तंगुत घोडेस्वारांशी झालेल्या चकमकींत त्याच्या तुकडीच्या गोळीबारात माणसे मेली. तिथल्या दोन सरोवरांना पिढ्यान्‌पिढ्यांची नावे असताना त्याने एकाला ‘रशियन’ आणि दुसऱ्याला ‘मोहिमेचे’ असे नाव दिले. ती नावे टिकली नाहीत, हे बरेच झाले.

परंतु यावरून आपण काढलेला निष्कर्ष, म्हणजे निसर्गअभ्यास हा हेरगिरीचा निव्वळ बुरखा होता, मला पटत नाही. बुरखा बाजूला करता येतो; इथे ते शक्यच नाही, कारण दोन्ही कामे एकाच शिस्तीतून होत होती. १८७० ते १८७३ च्या पहिल्या मोहिमेत त्याच्याबरोबर पिल्त्सोव हा तरुण अधिकारी आणि मोजके कोसॅक (रशियाच्या सरहद्दीवरील घोडदळाचे) सैनिक एवढीच माणसे होती. दिवसभर उंटांच्या चालीने जायचे, वाटाड्याचे लक्ष नसताना होकायंत्रावरून दिशा टिपायच्या, मुक्कामी ठरलेल्या वेळी हवामानाच्या नोंदी घ्यायच्या, पक्ष्यांची कातडी सोलून भरायची, वनस्पती दाबून ठेवायच्या आणि मग दैनंदिनी लिहायची. (नैनसिंह रावत यांनी १८६५-६६ मध्ये जपमाळेवर पावले मोजत ल्हासाचा मार्ग आखला, तेही एका साम्राज्याचेच काम होते, म्हणून त्यांची मोजणी खोटी ठरत नाही.) १८७३ च्या उन्हाळ्यात आलाशानहून उर्ग्याकडे (आजचे उलानबातर) गोबी वाळवंट ओलांडताना पाणी संपत आले आणि फाउस्ट हा त्याचा कुत्रा उष्म्याने मेला. त्या वाटेवरही नोंदी चालू राहिल्या. हा चिवटपणा लष्कराने दिला की निसर्गाच्या ओढीने, हे वेगळे करून सांगणे मला जमणार नाही.

घोड्याविषयी आपण म्हणता ते खरे आहे. किर्गीझ शिकाऱ्यांनी मारलेल्या जनावराचे कातडे आणि कवटी झायसानच्या सीमाचौकीवरील एका अधिकाऱ्याने त्याला दिली, आणि १८८१ मध्ये पोल्याकोव या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तिच्यावरून नव्या जातीचे वर्णन केले. स्वतः प्रझेवाल्स्कीला जुंगारियात (चीनच्या वायव्य भागात) दोन कळप दिसले खरे, पण एकही घोडा त्याच्या माऱ्याच्या टप्प्यात आला नाही. रानउंटाचीही तीच कथा. त्याच्याच दक्षिणेकडील लोप नोर या सरोवराच्या परिसरात त्याला तो मारता आला नाही आणि कातडी स्थानिक शिकाऱ्यांकडून मिळाली. चारही मोहिमांत त्याच्याबरोबर असलेला दोंदोक इरिन्चिनोव हा बुर्यात (सैबेरियातील मंगोलवंशीय) कोसॅक माझ्या लेखात नावानेही आला नव्हता. ही चूक घोड्याविषयीच्या चुकीपेक्षा मोठी आहे, आणि आपण ती दाखवली नसती तर माझ्या लक्षात आली नसती.

आता शिकार. पहिल्या मोहिमेत पैसा इतका तुटपुंजा होता की बंदुकीवरच जेवण अवलंबून असे; पण तेवढ्याने सुटका होत नाही, कारण त्याला शिकारीचा नाद होता आणि तो त्याने लपवलाही नाही. त्या काळी कातडे किंवा सांगाडा हाती असल्याशिवाय नव्या जातीचे वर्णन ग्राह्य धरले जात नसे, हेही लक्षात घ्यावे लागते. त्याच्या संग्रहात सुमारे ५,००० पक्षी, ७०० सस्तन प्राणी आणि १,७०० जातींचे सुमारे १६,००० वनस्पती-नमुने होते, आणि माक्सिमोविच यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांवर काम केले. तरीही त्याला निसर्गअभ्यासक म्हणण्याचे माझे कारण हे आकडे नाहीत. १८७७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तो लोप नोरच्या काठी केवळ स्थलांतर पाहण्यासाठी थांबला. बर्फ वितळण्याआधीच बदकांचे थवेच्या थवे तेथे उतरू लागले. ते दक्षिणेकडून सरळ न येता पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतात हे त्याने टिपले, आणि तिबेटचे उंच, थंड पठार टाळून ते वळसा घालत असावेत असा तर्क केला. हे काम बंदुकीने होत नाही, नुसत्या दुर्बिणीनेही होत नाही. त्यासाठी एका जागी बसून राहावे लागते.

त्याच सरोवरावरून झालेला वादही लेखात मी एका वाक्यात उरकला होता. प्रझेवाल्स्कीला तेथे गोडे पाणी आणि बोरूची बेटे दिसली; रिख्टहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञांनी घरबसल्या चिनी नकाशांच्या आधारे सांगितले की खरे लोप नोर खारे असले पाहिजे आणि ते उत्तरेकडे असले पाहिजे. दोघांनीही माघार घेतली नाही. पुढे स्वेन हेडिन या स्वीडिश प्रवाशाने दाखवले की त्या सरोवराला मिळणारी तारीम नदी आपले पात्र बदलते आणि सरोवरही तिच्यामागून जागा बदलते. १९२१ मध्ये ती खरोखरच जुन्या पात्रात परतली. म्हणजे नकाशा जुन्या काळचा होता आणि प्रझेवाल्स्कीने जे पाहिले तेच लिहिले होते. आपल्याला त्याचा राग यावा असे पुष्कळ काही आहे, पण या नोंदींवर अविश्वास दाखवण्याजोगे मला काही सापडले नाही.

लेखात तीन बदल केले आहेत. ‘लष्कर सोडून’ हे शब्द काढले, इरिन्चिनोवचे नाव घातले, आणि घोड्याच्या छायाचित्राखाली मंगोल लोकांचा ‘ताखी’ हा शब्द आधी देऊन प्रझेवाल्स्कीचे नाव त्यानंतर ठेवले. शिकारीचा परिच्छेद मात्र होता तसाच आहे.