नोकरी कायम आहे का?

१९७५ साली फ्रेंच संशोधक अ‍ॅलेन अ‍ॅस्पेक्ट हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांना भेटायला जिनिव्हाला गेले. दूर गेलेल्या दोन कणांमधला मेळ आधीच ठरलेला असतो का, हे प्रयोगाने तपासता येते, असे बेल यांचे प्रमेय सांगते. त्याची कसोटी लावणारा प्रयोग अ‍ॅस्पेक्ट यांनी मांडला, तेव्हा बेल यांनी पहिला प्रश्न विचारला तो नोकरी कायम आहे का, हा. कारण क्वांटमच्या, म्हणजे अणू आणि प्रकाशकणांचे वागणे सांगणाऱ्या सिद्धान्ताच्या, अर्थाची चर्चा हे त्या काळी भौतिकशास्त्र मानले जात नसे. (आपल्याकडे असता तर त्यांना अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराचा रस्ता दाखवला असता.) १९७२ साली पहिला प्रयोग करणारे जॉन क्लाऊझर यांना प्रयत्न करूनही प्राध्यापकपद मिळाले नव्हते. अ‍ॅस्पेक्ट यांचे पद लहान होते, पण कायम होते.

त्या आधारावर त्यांनी पॅरिसजवळच्या ओर्से येथील तळघरात अनेक वर्षे घालवली. कॅल्शियमच्या अणूंतून लागोपाठ निघणारे दोन फोटॉन (प्रकाशाचे कण), एक हिरवा व एक जांभळा, विरुद्ध दिशांना पाठवायचे आणि ते वाटेत असतानाच त्यांची मोजणी कोणत्या कोनात होणार हे बदलायचे, अशी ती रचना होती. हा बदल पाण्यात श्रव्यातीत लहरी उभ्या करून साधला होता. तो साधारण दर १० नॅनोसेकंदांनी होई, आणि दोन टोकांमधले १२ मीटर कापायला प्रकाशाला ४० नॅनोसेकंद लागतात. त्यामुळे एका टोकाची खबर दुसऱ्याला वेळेत कळणे अशक्य होते. तरीही फोटॉनांचा मेळ क्वांटमने सांगितला तसाच निघाला. हे निष्कर्ष १९८२ चे आणि नोबेल २०२२ चे.

मी खानदेशातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. आडव्या-उभ्या धरलेल्या दोन पोलरॉइडांनी (प्रकाशाची एकाच दिशेची कंपने जाऊ देणाऱ्या पट्ट्यांनी) अंधार झाला की मध्ये तिसरा तिरका सरकवायचा, हा माझा आवडता प्रयोग. 'सर, हाऊ उजेड कथाईन उना?' (हा उजेड कुठून आला?) असे एका मुलाने एकदा विचारले होते.

तोच आज दोन गावांच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतो, मधले अंतर एसटीने कापतो आणि उन्हाळ्यात तास संपले की त्याचे मानधनही संपते. राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ साली ६,००३ कोटींची मंजुरी मिळाली याचा मला आनंदच आहे. पण रिकाम्या जागा भरल्याखेरीज तो पैसा या मुलापर्यंत कसा पोहोचणार, हे मला कळत नाही.

पीएच.डी.साठी अशाच गुंतलेल्या, म्हणजे दूर जाऊनही मेळ राखणाऱ्या, फोटॉनांवर काम करावे का, असे विचारायला तो मे महिन्यात घरी आला होता. माझ्या तोंडून बेल यांचाच प्रश्न निघाला. तो हसला आणि म्हणाला, 'राहू द्या सर, थिन फिल्मच (पदार्थांच्या पातळ थरांचा विषय) घेतो. पेपर लवकर होतात.'