खजिनदारकाका आणि काळी खिडकी

गोव्यातलं देवस्थान चालवायला महाजनांनी, म्हणजे देवस्थानच्या हक्कदार सभासदांनी, निवडलेले अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मुखत्यार लागतात, असं १९३३ सालच्या पोर्तुगीज नियमावलीत लिहून ठेवलंय. संगणकातलं कळणारा एक पुतण्या लागतो, हे मात्र पोर्तुगिजांच्या लक्षात आलं नव्हतं. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावाने ती उणीव माझ्या रूपाने भरून काढली.

काम तसं एका बैठकीचं. जत्रेची वर्गणी एका फाईलमध्ये टाईप करायची, प्रोग्रामने ती वाचायची, पावत्या काढायच्या आणि शेवटी बेरीज सांगायची. बटणं नाहीत, रंगीत चित्रं नाहीत. काळ्या खिडकीत एक ओळ टाईप करायची आणि एंटर मारायचा. याला कमांड लाईन म्हणतात. खजिनदारकाकांना ती बघताक्षणी आवडली, कारण तिच्यात त्यांच्या नातवाला गेम लावता येत नाही.

बेरीज करणाऱ्या भागाने मला कधीच त्रास दिला नाही. पाचशे एक अधिक एकशे एक, जगातल्या कुठल्याही मशीनवर सहाशे दोनच. सगळी रडकथा वेशीवरची. प्रोग्राम कीबोर्डवरून वाचतो, पडद्यावर लिहितो, फाईल उघडतो आणि घड्याळाकडे बघतो, एवढ्या चारच ठिकाणी त्याचा बाहेरच्या दुनियेशी संबंध येतो आणि चारही ठिकाणी भांडणं. मी लिनक्सवाला. देवस्थानच्या कचेरीत विंडोज १०. आणि नावं टाईप करून पाठवणारी माझी भाची पर्वरीला, एका म्हाताऱ्या मॅकवर. या तिघांचं ओळ कुठे संपते यावरसुद्धा एकमत नाही.

अतिशयोक्ती नाही ही. पहिली यादी निघाली तेव्हा काकांना प्रत्येक देणगीदाराखाली एक रिकामी ओळ दिसली.

‘‘ही मधली ओळ कोणाची रे?’’

मी तोंड उघडायच्या आत मुखत्यारांनी निकाल दिला, ‘‘गुप्तदान असेल.’’

काकांनी चष्मा कपाळावर चढवून ओळी मोजल्या. ‘‘इतकं गुप्तदान? आपल्या गावात? आणि रक्कम?’’

‘‘ती पण गुप्त.’’

आता यांना कसं सांगायचं, की ही भानगड टेलिप्रिंटरच्या काळातली आहे. त्या यंत्रात ओळ संपली की दोन कामं असत: छापणारा भाग डावीकडे परत न्यायचा आणि कागद एक घर वर सरकवायचा. दोन कामं, दोन खुणा. युनिक्सने, म्हणजे माझ्या लिनक्सच्या पूर्वजाने, एकीवर भागवलं, विंडोज अजून दोन्ही लिहितं. मी प्रोग्राम लिहिला पायथन या भाषेत. तिचा सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली यादी, लिहिणारा भाग स्वतःच दोन्ही खुणा घालतो. विंडोजवर फाईल लिहिणाऱ्या थराला ‘तू काही घालू नकोस’ असं बजावून ठेवलं नाही, तर तो आपल्या पदरची आणखी एक भर घालतो. झाली रिकामी ओळ. मी एवढं सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुखत्यारांना म्हणाले, ‘‘गुप्तदान नाही म्हणतो.’’

खरा प्रश्न होता तो हे सगळं तपासायचं कसं, हा. कचेरी उघडते संध्याकाळच्या आरतीनंतर. संगणकासमोरच्या खुर्चीवर काका असतात आणि काकांना उठवणं हा ठराव पास करण्याचा विषय आहे. पावसाळ्यात वर दिवे जातात. दर छोट्या बदलानंतर तिथे जाऊन बघायचं म्हटलं, तर प्रोग्राम पुढच्या पिढीला पुरा करावा लागला असता.

उत्तर मला देवळाच्या मंडपातच मिळालं. आमच्याकडे उत्सवाला मराठी नाटक होतं. नायिका बाहेरगावची, मानधन घेऊन येणारी. ती उगवते प्रयोगाच्या दिवशी. तोवर तालमीत तिची वाक्यं प्रॉम्प्टर वाचतो आणि नायक त्या मिशाळ माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून ‘प्रिये’ म्हणतो. समोर कोण आहे याच्याशी नायकाला कर्तव्य नाही. वाक्य वेळेवर मिळालं, की त्याचं काम चालतं.

प्रोग्रामलाही तेच शिकवलं. कोडमध्ये जिथेतिथे पसरलेले प्रिंट, इनपुट, ओपन आणि नाऊ हे हुकूम गोळा केले आणि एका क्लासमध्ये, म्हणजे कोडच्या एका कप्प्यात, कोंडले. पायथनमध्ये नावं देवनागरीत देता येतात, म्हणून क्लासचं नाव ठेवलं ‘जग’. त्याच्या पोटात ‘वाच’, ‘लिही’, ‘उघड’ आणि ‘आत्ता’. बाकीच्या कोडला ताकीद दिली: बाहेरचं काही हवं असेल तर ‘जग’कडे मागायचं, परस्पर व्यवहार बंद. कचेरीत चालवताना खरं जग हातात द्यायचं, घरी तपासताना लटकं. लटक्या जगात कीबोर्ड म्हणजे आधी लिहून ठेवलेली चार वाक्यं आणि पडदा म्हणजे स्मृतीतला एक तुकडा. पायथनमध्ये त्यासाठी स्ट्रिंगआयओ नावाची वस्तू आयती मिळते. चाचण्या सेकंदाच्या आत होतात आणि काकांना उठावं लागत नाही.

तालमी रंगल्या. कचेरीत प्रयोगाच्या वेळी नायक पहिल्याच नावाला आडवा.

झालं असं, की पावत्या पडद्यावर नीट दिसत होत्या, पण काकांनी त्या फाईलमध्ये वळवल्या. पायथन ३.६ पासून विंडोजच्या पडद्यावर युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची एकत्र अक्षरयादी, जातं. फाईलमध्ये वळवलं, की मात्र प्रोग्राम मशीनचं जुनं कोडपेज, म्हणजे मोजक्या अक्षरांचा तक्ता, धरतो. कचेरीतल्या मशीनचं कोडपेज १२५२, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांचं. त्यात पोर्तुगीज लिहायला लागणारी खालून शेपटीवाली सी आहे, डोक्यावर नागमोडी रेघ असलेला ए आहे. देवनागरीचं एक अक्षर नाही. गोवा १९६१ साली मुक्त झाला, ही बातमी त्या कोडपेजपर्यंत पोचलेलीच नाही.

मग घरी तालमीत हे का दिसलं नाही? कारण स्ट्रिंगआयओ फार सज्जन. अक्षरांचे बाईट, म्हणजे मशीन साठवतं ते आकडे, करायची वेळच त्याच्यावर येत नाही, त्यामुळे कुठल्याही लिपीला तो नाही म्हणत नाही. लटक्या जगाबद्दल माझं जे काही मत झालं असेल ते हेच: ते खऱ्याइतकं खवचट पाहिजे. मी स्ट्रिंगआयओला निरोप दिला आणि एक खडूस पडदा बनवला. आत नुसते बाईट, त्यावर १२५२ चा थर आणि ओळ संपली की दोन खुणा घालायची खोड. दत्ता, शांता, कोणाचंही नाव दिलं की हा घरच्या घरी कोसळतो आणि सीएसव्हीवाल्यावर रिकाम्या ओळीही पाडून दाखवतो. इतका कजाग पडदा पदरी असला की रात्री झोप लागते. मग खऱ्या ‘जग’मध्ये, आपला आउटपुट यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे सगळ्या लिप्या मावणाऱ्या पद्धतीनेच, जाईल, अशी एक ओळ घातली आणि गोवा दुसऱ्यांदा मुक्त झाला.

तक्रारींना वेगळी वाट द्यावी लागली ती एका पावतीमुळे. भाचीने रक्कम लिहिली होती ‘५०१/-’. पायथनला देवनागरी आकडे कळतात, हे त्याचं कौतुक. पण शेवटचं तिरकं-आडवं कळत नाही. प्रोग्रामने बिचाऱ्याने इशारा दिला, तो इशारा बाकी मजकुराबरोबर पावतीवर छापला गेला आणि गावातल्या एका प्रतिष्ठिताच्या हाती, नारळ-प्रसादासकट, ‘रक्कम संशयास्पद’ अशी पावती पडली. युनिक्स जिथे जन्मलं त्या बेल लॅब्जमध्येही १९७० च्या दशकात असंच व्हायचं म्हणतात: फोटोटाईपसेटरवर पानं जुळवायला द्यावीत, तर ‘फाईल उघडली नाही’ हा निरोपच सुबक टाईपात छापून यायचा. त्यातून चुकांसाठी दुसरी वाट निघाली, तिला स्टँडर्ड एरर म्हणतात. तिथल्यांना नुसते कागद फुकट गेले. आम्हाला प्रतिष्ठितांच्या घरी चहाला जावं लागलं.

घड्याळाचं प्रकरण मात्र मला अजून गोड वाटतं. जत्रेची रात्र म्हणजे पहाटेपर्यंत नाटक आणि तोवर देणगीचं टेबल उघडं. रात्री दोनला फाडलेल्या पावतीवर तारीख कुठली? माझ्या मशीनवर नवी. मी चाचण्या क्लाऊडमधल्या भाड्याच्या मशीनवरही चालवतो. तिथे आदल्या दिवसाची, कारण ती मशीनं ग्रीनिचच्या हिशेबाने चालतात, आपल्या साडेपाच तास मागे. मी काकांना विचारलं. काका म्हणाले, ‘‘त्यात विचारायचं काय? उजाडल्याशिवाय दिवस बदलतो कधी? पंचांग बघ.’’

ग्रीनिचची तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. म्हणजे कुठल्याशा थंडगार खोलीतलं ते परदेशी मशीन आणि आमचे सोवळ्यातले खजिनदार यांचं जवळजवळ एकमत, आणि कॅलेंडर घेऊन बसलेला मी एकटा पाखंडी. शेवटी हिशेबतपासनीस कॅलेंडरच्या बाजूने उभे राहिले. ‘आत्ता’ भारतीय वेळेला बांधलं, लटक्या जगातलं घड्याळ रात्री दोनवर खिळवून ठेवलं आणि पावतीवर तिथीसाठी जागा मोकळी सोडली. ती भटजी हाताने भरतात, तिची चाचणी नाही.

मॅकने काढलेली कुरापत इतकी बारीक, की ती दाखवायलाच मला भिंग लागलं असतं. भाचीने झिप करून पाठवलेल्या फाईलचं नाव ‘दुसऱ्या दिवसाची वर्गणी’. माझ्या प्रोग्रामला हवी होती ‘दुसऱ्या दिवसाची वर्गणी’. फाईल डोळ्यांसमोर, आणि लिनक्स म्हणतो, सापडत नाही. दोष त्या ‘ऱ्या’चा. युनिकोडमध्ये हा ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अखंड अक्षर, किंवा साधा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब. २०१७ साली नवी व्यवस्था येण्यापूर्वीची मॅकची फाईल सिस्टीम नावं आग्रहाने सुटी करून ठेवायची. भाचीच्या मॅकवर तीच आहे. लिनक्सच्या लेखी नाव म्हणजे नुसते बाईट, इथे तीन, तिथे सहा, दोघांची ओळखदेख नाही. ही व्यथा इंग्रजांना कळायची नाही. नावांची तुलना करण्याआधी ‘जग’ आता दोन्ही बाजू एकाच साच्यात आणून घेतं.

एवढं झाल्यावर माणसाला दिसेल ते ‘जग’सारख्या वेष्टनात गुंडाळायची चटक लागते. काही मंडळी मग अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम गुंडाळतात, त्या गुंडाळीवर दुसरी गुंडाळी घालतात, आणि बेरीज कुठे होते ते कोणालाच सापडत नाही. मी चारावर तक्रारींची पाचवी खिडकी घातली आणि हात आवरला. जे लागत नाही त्याचं लटकं रूप कशाला सांभाळा? आणि तो पातळसा खरा थर शेवटी खऱ्याच मशीनवर तपासावा लागतो. तिन्ही जातींची मशीनं आजकाल भाड्याने मिळतात.

भाड्याच्या मशीनवर काका मात्र मिळत नाहीत.

एका संध्याकाळी काकांचा फोन. ‘‘अरे, तुझा प्रोग्राम ऐकून घेतोय, पण हो-नाही काही म्हणत नाही. अध्यक्षांनी बसवलाय का हा?’’

मी गेलो. काळ्या खिडकीत पट्टी लुकलुकत होती आणि वर काकांनी रोमन लिपीत टाईप केलेल्या ओळी. ‘मी खजिनदार.’ खाली, ‘वर्गणी किती जमली?’ त्याखाली ‘नमस्कार’. हा मुखत्यारांचा सल्ला, आधी नमस्कार घालायला हवा होता म्हणून. त्याखाली, थोड्या चढ्या आवाजात, कॅपिटलमध्ये, पुन्हा ‘मी खजिनदार.’

भाचीने पेनड्राईव्हवर फाईल दिली होती. काँट्रिब्यूशन एवढं लांबलचक कोण लिहितो म्हणून तिने तिचं नाव ठेवलं होतं कॉन डॉट सीएसव्ही. मॅकची काही हरकत नव्हती. विंडोजमध्ये मात्र कॉन, पीआरएन, ऑक्स, नल ही नावं डॉसच्या जमान्यापासून यंत्रांसाठी राखीव आहेत. विंडोज १० मध्ये पुढे डॉट सीएसव्ही लावूनही सुटका नाही. कॉन म्हणजे कन्सोल. तेव्हा ‘ही फाईल वाच’ असं सांगितल्यावर प्रोग्राम इमानेइतबारे कीबोर्ड वाचायला बसला होता, आणि काका जे जे बोलत होते ते देणगीदारांच्या यादीत जमा होत होतं.

विंडोजवर ‘संपलं’ असं सांगायला कंट्रोल-झेड आणि एंटर. (लिनक्सवर कंट्रोल-डी. सरळ उत्तर कशालाच नाही.) मी ते दाबलं. प्रोग्रामने चार इशारे दिले, ‘रक्कम कळली नाही: मी खजिनदार’ हा त्यातला पहिला आणि शेवटचा, आणि खाली छापलं: एकूण वर्गणी ०.

काका माझ्याकडे बघत राहिले. मुखत्यार पानाचं निमित्त काढून बाहेर गेले.

आता ‘जग’ ही राखीव नावं कुठल्याच मशीनवर चालू देत नाही, भाचीच्या मॅकवरसुद्धा. त्याची चाचणीही आहे. लटक्या कीबोर्डमध्ये काकांच्या त्या चार ओळी जशाच्या तशा भरून ठेवल्यात. प्रोग्रामने त्यांना हात न लावता फाईलचं नाव नाकारलं, तर चाचणी पास. रोज रात्री तिन्ही मशीनवर ती चालते. परवा ती काकांना दाखवली. त्यांनी ओळी वाचल्या.

‘‘हे माझे शब्द.’’

‘‘हो काका.’’

‘‘रोज कोण टाईप करतं?’’

‘‘मशीनच करतं, आपोआप.’’

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘‘मग ते ‘मी खजिनदार’ कशाला म्हणतं? महाजनांची निवडणूक कधी झाली?’’