माप बरोबर होते, मॉड्यूल चुकले : निपाणीच्या ग्राहकांच्या तक्रारीस दुकानमालकाचे उत्तर

नमस्कार साहेब,

आपला अभिप्राय काल रात्री दुकान बंद करताना वाचला. रुंदीचे माप लिहून पाठवूनही चुकीचे फायबर मॉड्यूल (राउटरच्या खाचेत बसवून त्याला फायबरची तार जोडायचा छोटा भाग) दिले, परत घेताना 600 रुपये कापले आणि या लोकांना साधे मापसुद्धा कळत नाही, असे लिहून आपण आम्हाला एकच तारा दिला आहे. आपली लाइन दोन दिवस बंद राहिली आणि त्यापायी आपल्याला गिऱ्हाइकांची बोलणी खावी लागली, याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. राउटरचे मॉडेल कळल्याशिवाय ते पार्सल निपाणीच्या बसमध्ये चढवायला नको होते. ती चूक माझी आहे, दुकानातल्या मुलाची नाही.

मात्र मापाविषयी जे लिहिले आहे, ते मनाला फार लागले. आपला संदेश अजून माझ्या मोबाइलवर आहे : "रुंदी 18 मिमी, एलसी कनेक्टर, 10 किलोमीटर, लवकर पाठवा." एलसी म्हणजे फायबरच्या तारेचे छोटे टोक, आणि 10 किलोमीटर म्हणजे किती लांब पोचायला हवे ते. वेग किती, हे त्यात नव्हते. राउटरचे मॉडेल मी दोनदा विचारले, तेव्हा "माप दिले आहे ना" एवढेच उत्तर आले. मागच्या खेपेस आपण सेकंदाला 40 गिगाबिट वेगाचीच दोन मॉड्यूल नेली होती, म्हणून त्याच जातीचे, म्हणजे क्यूएसएफपी प्लस एलआर4 (क्यूएसएफपी हा मॉड्यूलचा आकार, एलआर म्हणजे लांब पल्ल्याचे), बांधून दिले. तेही एलसीचेच आणि 10 किलोमीटरचेच असते.

आपल्या जुन्या राउटरला हवे होते एक्सएफपी या दुसऱ्या आकाराचे, 10 गिगाबिटचे. साहेब, खरा घोळ इथे आहे. एक्सएफपीची रुंदी 18.35 मिलिमीटर आणि उंची 8.5 मिलिमीटर, क्यूएसएफपीचीही रुंदी आणि उंची नेमकी तेवढीच. फरक लांबीत आहे, एक 78 मिलिमीटरचे आणि दुसरे साधारण 72 चे, आणि त्याहून मोठा फरक मागच्या टोकाला आहे : एक्सएफपीला 30 संपर्कबिंदू, तर क्यूएसएफपीला 38. एकात प्रकाशाची एकच वाट, दुसऱ्यात 10-10 गिगाबिटच्या चार. आपली पट्टी खोटे बोलली नाही आणि आमचा व्हर्नियरही नाही. पण नुसत्या रुंदीवरून मॉड्यूल ओळखता येत नाही. एसएफपी, एसएफपी प्लस आणि एसएफपी28 ही याहून अरुंद मॉड्यूल घ्या, तिन्ही एकाच 13.4 मिलिमीटर रुंदीची, तरी वेग 1, 10 आणि 25 गिगाबिट. 40 आणि 100 गिगाबिटची क्यूएसएफपीसुद्धा शेजारी ठेवली तर लेबल वाचल्याशिवाय वेगळी करणे कठीण. उलट 10 गिगाबिटचेच एसएफपी प्लस एक्सएफपीच्या खाचेत बसत नाही. हे सगळे मी फोनवर सांगू लागलो होतो, परंतु त्या दिवशी आपण घाईत होता.

आता 600 रुपयांचे. मॉड्यूल परत आले तेव्हा धुळीचे टोपण नव्हते, ओढायची कडी एका बाजूला वाकली होती आणि भिंगाखाली धरल्यावर मागच्या सोनेरी पट्ट्यांवर आडवे ओरखडे स्पष्ट दिसले. न बसणारी वस्तू जोर लावून दाबल्याशिवाय असे होत नाही. नवीन म्हणून ते मला आता कोणालाही विकता येणार नाही, तरीही बाकीची सर्व रक्कम त्याच दिवशी आपल्या खात्यावर जमा केली. रामलिंगखिंड गल्लीत 14 वर्षे हे दुकान चालवतो आहे. खानापूर, चिकोडी, चंदगडकडचे केबलवाले नुसत्या शब्दावर माल नेतात, आणि त्या शब्दावरच आमचे घर चालते.

यापुढे राउटरच्या पोर्टचा आणि जुन्या मॉड्यूलच्या लेबलचा फोटो आल्याखेरीज पार्सल बांधायचे नाही, असे मुलाला सांगितले आहे. परत येणाऱ्या मालाचे नियमही लवकरच नीट लिहून लावू. आपल्यासाठी एक एक्सएफपी एलआर मागवून बाजूला ठेवले आहे. येताना राउटरचा फोटो तेवढा आणावा. या वेळी मी स्वतः आपल्यासमोर लेबल वाचून ते आपल्या हाती देईन. तारे किती द्यायचे, तो आपला अधिकार आहे. "माप कळत नाही" हे वाक्य मात्र शक्य झाल्यास काढावे, एवढी विनंती आहे.

आपला,
दुकानमालक, बेळगाव