मोडका चष्मा आणि चार पूर्णांक सहा

परक्या गावात दुकान शोधायचं कसं, हा विषय निघाला मास्तरांच्या चष्म्यावरून. दांडीला अजून दोराच गुंडाळलेला. मागच्या सहलीत मोडली, तेव्हा दुरुस्तीवाला शोधायला मास्तर तासभर फोन पुढे धरून हिंडले होते. शेवटी फोननं नेलं तिथं शटर खाली, आणि शटरला चढलेला गंज बघता ते बरेच महिने वर गेलेलं नसावं.

"पण रेटिंग ४.६ होतं!" मास्तर आजही त्याच सुरात.

"दुकान गेलं हो, रेटिंग अमर झालं," ताई म्हणाली.

चाराच्या खाली मास्तर पाऊल टाकत नाहीत. बारक्यानं एकदा त्यांना विचारलं होतं, लग्नाआधी सासरचे रिव्ह्यू वाचले होते का म्हणून. तेव्हापासून दोघांचं जरा तिरकंच आहे.

बारक्या ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच माहिती भरून बनवलेल्या फुकट नकाशाचा भगत. तोंड उघडलं की २००४ सालापासून सुरुवात. स्टीव्ह कोस्टनं तो इंग्लंडमध्ये सुरू केला, गूगलचा नकाशा २००५ चा, "म्हणजे थोरले आम्ही!" जणू कोस्ट याचा चुलतभाऊ. पण गडी तयारीनं निघतो, हे मान्य करायला हवं. निघण्याआधी घरच्या वायफायवर ऑरगॅनिक मॅप्स या त्याच नकाशाच्या ॲपमध्ये तो सगळा भाग उतरवून ठेवतो. मग रेंज गेली तरी अडत नाही, कारण जीपीएसला इंटरनेट लागतच नाही. दुकानं, सायकल दुरुस्ती, शौचालयं, पिण्याच्या पाण्याचे नळ, सगळं त्यात शोधता येतं.

"नळ जाहिरात देत नाही, म्हणून तुमच्या नकाशात तो सहसा वर येत नाही," बारक्या.

"निम्मी दुकानं नसतात तुझ्यात. आणि रेटिंग कुठाय?"

"नाहीच! कुणाचं मत नाही, नुसती माहिती. दुकान कसलं, उघडतं कधी, दाराला पायरी आहे का."

"कुणी भरली असेल तर," ताई हळूच म्हणाली. बारक्या गप्प. कारण भरणारा तोच, आणि त्यापायी आमची एक गाडी चुकलेली. फोनवर त्याचं ते स्ट्रीटकम्प्लीट चालू असतं, नकाशात माहिती भरायचं ॲप; ते प्रश्न विचारतं आणि हा उत्तरं देत बसतो. दुकानाची वेळ काय? बाकाला पाठ आहे का? त्या दिवशी आम्ही फलाटावर, आणि हा बाहेर बाकांच्या पाठी तपासतोय.

मास्तर मूळ मुद्द्यावर परतले. एवढे लोक खोटं लिहितील का?

म्हटलं, मास्तर, २०१७ मध्ये ऊबा बटलर नावाच्या पत्रकारानं लंडनमधली स्वतःची शेड ट्रिपॲडव्हायझर या रिव्ह्यूंच्या साइटवर रेस्टॉरंट म्हणून टाकली. जेवण नाही, टेबल नाही. ओळखीपाळखीच्यांकडून रिव्ह्यू लिहून घेतले, दाढीचा फेस लावून पदार्थांचे फोटो काढले, आणि शेड शहरात पहिल्या नंबरावर गेली.

मास्तर विचारात पडले. मग म्हणाले, "फोटो चांगले असतील."

यावर कोण काय बोलणार! पण मास्तरांना चेव आला. पूर्वीही लोक पुस्तकं बघूनच जायचे, मिशलिन टायरवाल्यांचं प्रवासाचं मार्गदर्शक बघा. ते बघितलंच पाहिजे, मी म्हटलं. १९०० मध्ये टायर कंपनीनं ते फुकट वाटलं. लोक गाडी काढून हिंडले की टायर झिजणार, नवे खपणार.

"तेव्हा टायर झिजायचे, आता आपण झिजतो," ताई.

ताई सहलीत फोन काढतच नाही. तिचं म्हणणं, विचारायचं, पण "इथं चांगलं कुठं मिळतं" असं नाही. लोक पाहुण्याला पाहुण्यांचीच दुकानं दाखवतात. "तुमचं मोडलं तर तुम्ही कुणाकडे टाकता?" असं विचारायचं. तेही ज्याचं पोट त्या वस्तूवर आहे त्याला. सायकलवाला हवा तर सायकलवरून माल पोचवणाऱ्याला, शिवणाचा दोरा विकतो त्याला चांगला शिंपी कोण ते. आणि एकावर थांबायचं नाही, पुढच्या वळणावर दुसऱ्याला विचारायचं, कारण काही माणसं नाही म्हणायच्या संकोचानं भलताच रस्ता दाखवतात. मला हे पटतं. बारक्यालाही पटलं असावं, कारण त्यानं मध्येच साल सांगितलं नाही.

"आणि भाषा येत नसेल तर?" मास्तरांनी गुगली टाकली.

"मोडकी दांडी हातात धरायची, मास्तर. ती कुठल्याही भाषेत मोडकीच दिसते."

"मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, थांब, ती बाई डावीकडे वळा म्हणतेय."

बारक्या हसून हसून कट्ट्यावरून घसरायच्या बेतात. मग अचानक फोनमध्ये बघत म्हणाला, "थांबा थांबा, विचारतंय. आपल्या कट्ट्याला पाठ आहे का?"

"नाही म्हणून टाक," मास्तर कंबर चोळत उठले. "आणि रेटिंग दोन दे."

"अहो, रेटिंग नसतं तिथं!"

मास्तर तोवर कोपऱ्यावर पोचले होते, दोरा बांधलेली दांडी एका हातानं सावरत.