आयव्हीएफने बीजं संपतात म्हणे!

ठाण्या-ऐरोलीकडच्या फॅमिली ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, करू नका. इंजेक्शनांनी बाईची बीजं संपतात आणि पाळी लवकर जाते. लॅबवाले कुणाचंही वीर्य वापरतात. त्या मुलांना पुढे मूल होत नाही. आणि डॉक्टर नुसते लुटतात. मी ठाण्यात एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे लॅबमध्ये बीज आणि वीर्य एकत्र आणून गर्भ वाढवणारी. हल्ली पेशंट हाच मेसेज उघडून समोर बसतात, म्हणून लिहितेय.

दर महिन्याला अंडाशयात बीजांचा एक गट वाढायला लागतो. त्यातलं सहसा एकच पिकतं, बाकीची तिथेच जिरून जातात. इंजेक्शनांनी आम्ही वाचवतो ती ही जिरणारी. पुढच्या साठ्याला हात लागत नाही. तो वयानेच घटतो. इंजेक्शनांचा खरा धोका वेगळा आहे: काहींचं अंडाशय फार सुजतं, पोटात पाणी होतं. त्यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही!

आता अदलाबदल. हा आरोप थेट माझ्या टेबलावरचा, त्यामुळे जरा सविस्तर. नमुन्याच्या डबीवर दोघांची नावं आणि नंबर असतो, तोही डबीच्या अंगावर. झाकणं बदलू शकतात. टेबलावर एका वेळी एकाच जोडप्याचं सामान. नमुना एका भांड्यातून दुसऱ्यात जाताना शेजारी दुसरं माणूस उभं राहून नाव वाचतं, मग दोघांच्या सह्या. जगात अशा चुका झालेल्याच नाहीत, असं नाही. झाल्यात, म्हणूनच तर दुसरी सही आली. दात्याचं बीज किंवा वीर्य वापरायचं तर जोडप्याची लेखी संमती लागते. अशा उपचारांसाठीचा 2021 चा कायदाच आहे तसा.

मुलं होत नाहीत? मुंबईच्या केईएम रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 ला आयव्हीएफनेच जन्मलेली हर्षा चावडा 2016 मध्ये आई झाली. वडिलांच्या वाय गुणसूत्रात शुक्राणू कमी करणारा दोष असेल तर तो मुलाकडे जाऊ शकतो, पण तो उपचाराने आलेला नसतो.

लुटीबद्दल मात्र मी सरसकट नाही म्हणणार नाही. चाळिशीनंतर स्वतःच्या बीजांनी यश झपाट्याने घटतं, हे न सांगता ‘हमखास’ पॅकेज विकणारे आहेत. खर्च, धोके आणि यशाची शक्यता आधी सांगणं त्याच कायद्याने सेंटरवर बंधनकारक आहे. तेव्हा बेधडक विचारा. आणि पहिल्याच भेटीला नवऱ्यालाही आणा. जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडेही असतं, तरी कित्येक बायका वर्षानुवर्षं एकट्याच गोळ्या खात असतात. आयव्हीएफच्या बिलापुढे वीर्यतपासणीचा खर्च अगदीच किरकोळ आहे.