रात्री झाकून ठेवलेलं पाणी सकाळी का ओतता?

मुंबईतल्या कितीतरी मराठी घरांत सकाळी पाणी आलं की पहिलं काम ठरलेलं असतं. माठातलं, कळशीतलं कालचं पाणी मोरीत ओतायचं, भांडी घासायची आणि 'ताजं' भरायचं. विचारलं तर उत्तर एकच, "अगं, शिळं झालं ते!"

आपल्याकडे पाऊस पडतो जून ते सप्टेंबर. तो तानसा, भातसा, मोडकसागर, वैतरणा अशा धरणांत साठतो आणि आपण तोच वर्षभर पितो. म्हणजे मे महिन्यात नळाला जे 'ताजं' पाणी येतं ते आठ-दहा महिने धरणात राहिलेलं असतं. मग ते भांडुपला नाहीतर पांजरापूरला शुद्ध होतं, त्यात क्लोरीन पडतो, मैलोन् मैल जलवाहिन्यांतून ते सोसायटीच्या खालच्या टाकीत येतं आणि पंपाने गच्चीवर चढतं. त्या पंपाला वीज लागते, हेही आपण धरत नाही. एवढं करून घरात आलेलं पाणी स्वच्छ भांड्यात, झाकणाखाली एका रात्रीत खराब होत नाही. खुशाल प्यावं. नकोच वाटत असेल तर त्यात कणीक भिजवा, तांदूळ धुवा, तुळशीला घाला. पण मोरीत नको.

मला हे फार लागतं, त्याला कारण आहे. तानसा आणि भातसा दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात आणि बायका हंडे घेऊन त्यांची वाट बघत बसतात. धरण त्यांच्या उशाशी, पाणी आपल्या नळाला. मी कळशी रिकामी केली नाही म्हणून ते पाणी उद्या पाड्यावर पोचणार नाही, हे मलाही कळतं. पण शहराची मागणी वाढली की नवं धरण पुन्हा त्याच डोंगरांत बांधायचं ठरतं, आणि जमीन जाते ती तिथल्याच लोकांची.

आता आरओ, म्हणजे पाणी गाळून शुद्ध करायचं यंत्र. घरात एवढं पाणी वाया घालवणारं दुसरं यंत्र क्वचितच असेल, आणि मुंबईत पालिकेचं पाणी येणाऱ्या घरांत ते लागतच नाही. आरओचं मुख्य काम पाण्यात विरघळलेले क्षार काढणं. खाऱ्या बोअरवेलला तो हवाच. पण आपल्याकडे धरणात साठलेलं पावसाचं मऊ पाणी येतं, त्यात क्षार मुळातच कमी. जंतूंची धास्ती असेल तर उकळा, किंवा यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा, साधा फिल्टर पुरे. जुना घरगुती आरओ एक लिटर गाळताना तीनेक लिटर नळीतून बाहेर सोडतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ सालीच सांगितलं होतं की जिथे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी घाला. तरी विक्रेता येऊन भीती घालतो आणि आपण हजारो रुपये मोजतो. बसवलेलाच असेल तर निदान ती नळी बादलीत सोडा, लादी पुसायला ते पाणी उत्तम.

फ्लशची गळती, शॉवरऐवजी बादली, हे सगळ्यांना ठाऊक आहे, करायचं तेवढं बाकी आहे.

सोसायटीच्या पुढच्या सभेत मी टीडीएस मीटर घेऊन येणार आहे. पेनाएवढा असतो, फार महागही नाही. प्रत्येकाने आपापल्या नळाचं पाणी ग्लासात आणावं, तिथेच सगळ्यांसमोर मोजू. आणि आसपासच्या इमारतीतलं कुणी हे वाचत असेल तर कमेंटमध्ये कळवा, काकू-मावशींना दाखवायला मीटर घेऊन तुमच्याकडेही येते.