जपानची खेडी मेलेली नाहीत, आणि तिथली घरं फुकटही नाहीत

‘जपानमध्ये 90 लाख घरं ओस पडली आहेत. खेड्यांत माणसंच उरली नाहीत, एका गावात तर माणसांच्या जागी बाहुल्या बसवल्यात. 2040 पर्यंत निम्मी गावं नकाशावरून पुसली जाणार. सरकार घर फुकट देतंय, वर मुलामागे सहा लाख रुपये. आपली पोरं इथे नोकरीसाठी चपला झिजवतात, तिकडे का जात नाहीत?’ हा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. त्याच्या भरवशावर कुणी एजंटाच्या हातात पैसे ठेवले तर ते बुडतील, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

आधी 90 लाख घरं. 2023 च्या सरकारी पाहणीतला हा आकडा बरोबर आहे, पण ती सगळी घरं खेड्यांतली नाहीत. त्यातली सुमारे 44 लाख घरं भाडेकरूच्या प्रतीक्षेत रिकामी आहेत आणि त्यांत शहरांतले फ्लॅट भरपूर आहेत. एकट्या टोक्योत जवळपास नऊ लाख घरं रिकामी निघाली, कुठल्याही प्रांतापेक्षा जास्त. ज्यांना खऱ्या अर्थाने ओस पडलेली म्हणता येईल, म्हणजे ना विकायला काढलेली, ना भाड्याने द्यायची, ना सुट्टीसाठी ठेवलेली, अशी घरं साधारण साडेअडतीस लाख. हा आकडाही मोठाच आहे.

‘फुकट’ हा सगळ्यात घातक शब्द. नगरपालिका रिकाम्या घरांच्या याद्या ठेवतात आणि काही घरं नाममात्र किमतीत मिळतात, हे खरं. पण छप्पर गळतंय, लाकडाला वाळवी लागलीय, सांडपाण्याची सोय जुनी, अशा घराच्या डागडुजीलाच लाखो येन लागतात. कित्येक घरं अजून आजोबा-पणजोबांच्याच नावावर आहेत. वारसांनी मालकीची नोंद करून घेणं एप्रिल 2024 पर्यंत सक्तीचंच नव्हतं. शिवाय आत देवघर आहे, गावात पूर्वजांची थडगी आहेत, ओबोन या पितरांच्या सणाला मुलं येतात. त्यामुळे घर बंद असलं तरी विकायला मन होत नाही. हे आपल्या कोकणातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. आणि घर घेतलं की गावकीही आली. पाटाचा गाळ काढायला, रस्त्याकडेचं गवत कापायला घरटी एक माणूस लागतो. त्या कामाला न येणारा शेजारी गावाला नकोच असतो.

मुलामागे पैसे मिळतात, पण कुणाला? टोक्योच्या 23 वॉर्डांत पाच वर्षं राहिलेलं किंवा तिथे नोकरीला जाणारं कुटुंब राजधानीचा परिसर सोडून दुसरीकडे गेलं, तर 2023 पासून प्रत्येक मुलामागे दहा लाख येनपर्यंत मदत आहे. पाच वर्षांच्या आत ते गाव सोडलं तर सगळे किंवा निम्मे पैसे परत करावे लागतात. पुण्या-नाशिकहून थेट जाणाऱ्याचा या योजनेशी काहीही संबंध नाही. जपानमध्ये घर विकत घेतल्याने व्हिसाही मिळत नाही.

आता ‘2040’. 2014 साली माजी मंत्री हिरोया मासुदा यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने 896 नगरपालिकांची यादी काढली. निकष असा होता: 2010 ते 2040 या काळात 20 ते 39 वयाच्या, म्हणजे मूल होण्याच्या वयातल्या, स्त्रियांची संख्या निम्म्याहून खाली जाईल. हा धोक्याचा इशारा होता, गाव बुडण्याची तारीख नव्हे. 2024 च्या नव्या यादीत 744 नावं उरली आणि जुन्यांपैकी 239 बाहेर पडली. या सुधारणेत परदेशातून येणाऱ्या लोकांचा वाटा मोठा धरलेला आहे, तेव्हा हुरळून जायचं कारण नाही. पण 2040 पर्यंत निम्मी गावं पुसली जाणार, असं या याद्या म्हणत नाहीत.

बाहुल्यांचं गाव खरं आहे. तोकुशिमा प्रांतातल्या इया खोऱ्यातलं नागोरो. मला राग येतो तो याचा, की हा एकच फोटो फिरतो आणि त्याच प्रांतातल्या कामिकात्सुची गोष्ट कुणी सांगत नाही. 1981 च्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या संत्र्याच्या बागा गेल्या. शेतकरी सहकारी संस्थेत काम करणारे तोमोजी योकोइशी यांनी पाहिलं, की शहरातली हॉटेलं ताटात सजावटीला मेपलची लाल पानं, छोट्या डहाळ्या, फुलं मांडतात. 1986 पासून गावाने पानं विकायला सुरुवात केली. पान हलकं, म्हणून सत्तरीतली आजीही टोपली उचलू शकते. पण शेफला एकाच आकाराची, एकाच रंगाची, डाग नसलेली पानंच लागतात. ती निवडून, पुसून, ट्रेमध्ये ओळीने लावायची. हे कसब आहे. ऑर्डर आधी फॅक्सवर येत, आता या आज्या टॅबलेटवर बघतात. जी आधी बोट लावेल, तिला ऑर्डर. विक्रीत आपला नंबर कितवा तेही दिसतं, आणि त्यावरून चुरस चालते. वर्षाची उलाढाल 26 कोटी येनपर्यंत गेली. गावाची वस्ती आज दीड हजाराच्या आत आहे, निम्म्याहून जास्त लोक 65 च्या पुढचे आहेत, लोकसंख्या अजून घटतेच आहे. तरीही ज्या गावात म्हातारी माणसं सकाळी उठून बाजारभाव बघतात, त्याला मेलेलं कसं म्हणायचं?

दुसरं उदाहरण आमाचं, शिमाने प्रांतातल्या ओकी बेटांवरचं. कर्जात बुडालेल्या नगरपालिकेत 2002 साली मिचिओ यामाउची नगराध्यक्ष म्हणून निवडून आले. त्यांनी आधी स्वतःचा पगार कापला, शेवटी निम्म्यावर आणला. मासळी बोटीने बाजारात पोचेपर्यंत ताजेपणा आणि भाव दोन्ही जायचे, म्हणून 2005 मध्ये गोठवण्याचं नवं तंत्र आणलं. नव्वदच्या आत पटसंख्या आल्यामुळे बंद पडायला आलेलं हायस्कूल इतकं बदललं, की देशभरातून मुलं बेटावर शिकायला यायला लागली आणि पट जवळपास दुप्पट झाला.

शेतीचं चित्र मात्र चिंतेचं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. 2020 मध्ये शेतकऱ्याचं सरासरी वय 67.8 होतं.

आणि ज्यांना खरंच जपानमध्ये शेतीत काम करायचं आहे, त्यांच्यासाठी सरळ वाट आहे. 2019 पासून कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा आहे, त्यात शेतीचा समावेश आहे, आणि 2021 मध्ये भारताने त्यासाठी जपानशी करारही केला. जपानी भाषेची आणि कामाची परीक्षा पास व्हावी लागते. ‘फुकट घर’ दाखवून कुणी आगाऊ पैसे मागत असेल, तर एक रुपयाही देऊ नका.